मालाकर्म, कमळ आणि पळस : पुष्पचित्रणाकडे पाहण्याची बौद्ध दृष्टी

विहारात आलेला उपासक बुद्धमूर्तीपुढे फूल ठेवतो आणि मान वर करताच त्याला भिंतीवर, कमानीवर किंवा छतावर रंगविलेले फूल दिसते. या दोन फुलांत केवढे अंतर आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. मूर्तीपुढचे फूल संध्याकाळपर्यंत कोमेजणार आहे, आणि ते कोमेजणार आहे म्हणूनच ते तेथे ठेवावयाचे असते. पुष्पपूजेच्या वेळी आपण जी पाली गाथा म्हणतो तिचा सारा आशय या एका गोष्टीत सामावलेला आहे. फुलाप्रमाणेच आपली कायाही नाशाकडे चालली आहे, हे मूर्तीसमोर उभे राहून स्वतःला सांगण्याचा तो विधी होय. भिंतीवरचे फूल मात्र कोमेजत नाही. आजचे ताजे ते उद्याही ताजेच. मग अनित्यतेचा उपदेश करणाऱ्या धम्माच्या वास्तूत न कोमेजणाऱ्या फुलाचे प्रयोजन काय, हा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्याचे उत्तर "शोभेसाठी" एवढ्यावर भागत नाही.

आंबेडकरी समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण ज्या जीवनमार्गाचा स्वीकार केला त्यात कर्मकांडाला स्थान नाही. साहजिकच चिकित्सक तरुण विचारतो, की देवळातील फुले टाकून दिल्यावर विहारात पुन्हा फुले कशासाठी? दुसरीकडे, विहार बांधून झाला की गावचे उपासक वर्गणी करून पेंटरला बोलावितात आणि त्याच्याकडून मोठ्या हौसेने कमळे काढून घेतात. त्या तरुणाचा प्रश्न योग्य आहे आणि उपासकांची हौसही निरर्थक नाही. दोघांनाही पुरेल असे उत्तर शोधावयाचे तर प्रथम विनयपिटकाकडे वळावे लागते.

चुल्लवग्गातील सेनासनक्खंधकात विहाराची बांधणी, भिंती, दारे, आसने यांविषयीचे नियम आले आहेत. तेथे एक मोठा मनोवेधक प्रसंग आहे. षड्वर्गीय भिक्खूंनी विहारात स्त्री-पुरुषांची चित्रे काढविली. विहार पाहावयास आलेल्या लोकांनी नावे ठेवली, की हे तर भोगी गृहस्थांसारखे झाले. तेव्हा तथागतांनी अशा चित्रांना मनाई केली. परंतु चित्रकलेलाच मनाई केली नाही. मालाकर्म, लताकर्म, मकरदंत व पंचपट्टिका या चार प्रकारच्या अलंकरणांना त्यांनी अनुज्ञा दिली. मालाकर्म म्हणजे फुलांच्या माळांचे चित्रण, लताकर्म म्हणजे वेलींचे. उरलेले दोन प्रकार भौमितिक नक्षीचे आहेत. म्हणजे विहाराच्या भिंतीवर नियमाने ज्याला पहिली जागा मिळाली ते फूल आणि वेल यांचे चित्र होय. बौद्ध कलेच्या इतिहासग्रंथांत जातकांची दृश्ये आणि बोधिसत्त्वांच्या आकृती यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात, आणि फुलांच्या पट्ट्यांना "नक्षी" म्हणून दोन ओळीत निरोप मिळतो. विनयाच्या दृष्टीने पाहता हा क्रम उलटा आहे.

त्याच खंधकात भिंतीच्या गिलाव्याचीही चर्चा आहे. खडबडीत भिंतीवर पांढरा रंग धरेना, तेव्हा धान्याचे तूस घातलेल्या मातीचा थर देऊन, तो हाताने सारखा करून, मग रंग देण्याची अनुज्ञा मिळाली. गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला हे वाचून गंमत वाटेल. आपला हा सारा मुलूख धानाचा. राइस मिलच्या मागे तुसाचे ढीग पाहतच येथली पोरे मोठी होतात, आणि मातीच्या भिंतीला तूस घातलेल्या चिखलाचे लिंपण करण्याची रीत येथल्या बायांना कोणी शिकवावी लागत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील गिलाव्याचे परीक्षण झाले तेव्हा त्या मातीतही धानाचे तूस व वनस्पतींचे तंतू आढळले. वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालविलेले रंग. युरोपातील ओल्या गिलाव्यावरच्या भित्तिचित्रांहून ही पद्धत वेगळी आहे. तांबडा व पिवळा गेरू, काजळी, चुना, हिरवी माती हे रंग बहुतेक जवळपासच्या खडकांतून व चुलीतून आलेले. एक निळा तेवढा दूरचा, आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतल्या लाजवर्द दगडाचा. ज्या चित्रांची कीर्ती जगभर झाली ती तूस, माती आणि काजळी यांवर उभी आहेत, ही गोष्ट श्रमाच्या संस्कृतीत वाढलेल्या आपल्या वाचकांनी विसरू नये.

अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी पाचव्या शतकातील, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील होत. सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने दान दिले, हे तेथील शिलालेखावरून स्पष्ट आहे. हरिषेण हा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशिमच्या शाखेचा; वाकाटकांची दुसरी शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाची. अजिंठा म्हणजे "तिकडचे", आपल्या विदर्भाशी संबंध नसलेले, असे जे अनेकांना वाटते ते म्हणूनच खरे नाही. पहिल्या लेण्याचे छत चौकोनी व आयताकृती खणांत विभागलेले आहे. एका खणात कमळाची वेल वळसे घेत गेली आहे, दुसऱ्यात फळे, तिसऱ्यात पक्ष्यांची जोडी. एका प्रसिद्ध खणात कमळांच्या देठांतून हत्ती बेभान धावत सुटला आहे. दुसऱ्या लेण्याच्या छतावर एकात एक वर्तुळे असून मध्यभागी कमळ उमललेले आहे आणि भोवती हंसांची रांग फिरते. या फुलांकडे जरा वेळ देऊन पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. चित्रकाराने एकच फूल साच्याने उमटविल्यासारखे काढलेले नाही. वेलीच्या एका वळणावर मिटलेली कळी असते, पुढच्या वळणावर अर्धे उमललेले फूल, त्यापुढे पूर्ण विकास आणि मग पाठ फिरवून मागे झुकलेले पान. वेल जशी पुढे सरकते तसा काळ पुढे सरकतो. भिंतीवरचे फूल कोमेजत नाही, या आक्षेपाचे पहिले उत्तर येथे मिळते. फुलाला होणे, वाढणे आणि वळणे आहे, हे चित्रकार एका फुलात दाखवू शकत नाही, वेलीत दाखवितो.

पहिल्याच लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीच्या हातातील फुलाविषयी मोठा गैरसमज आहे. नाव पद्मपाणी असल्यामुळे ते कमळच असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते नीलोत्पल आहे. हा भेद शब्दच्छल नव्हे. कमळाचे पान अखंड गोल असते, देठ त्याच्या मध्यभागी जोडलेला असतो आणि ते बहुधा पाण्याच्या वर उचललेले असते. उत्पल किंवा कुमुदाचे पान पाण्यावर पसरून तरंगते व त्याला देठापर्यंत चीर असते. त्याच्या पाकळ्या अरुंद व टोकदार. पालीत पदुम, पुंडरीक, उप्पल, कुमुद असे निरनिराळे शब्द आहेत, आणि ते वापरणाऱ्यांना तलाव चांगला ठाऊक होता. आपल्याकडे छापील चित्रे पाहून कमळ काढणारा पेंटर पुष्कळदा कमळाची पाकळी आणि कुमुदाचे पान यांचा संसार थाटून देतो. त्याने एकदा सकाळी नवेगावबांधच्या काठी किंवा गावच्याच मामा तलावाच्या पाळीवर उभे राहावे, एवढेच सुचवावेसे वाटते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा निघालेला गोंदिया हा त्या जिल्ह्याप्रमाणेच तलावांचा जिल्हा. येथले शेकडो माजी मालगुजारी तलाव, आणि त्याहून लहान असंख्य बोड्या, धानाला पाणी देण्यासाठी माणसांनी खोदलेल्या आहेत. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य प्रसिद्ध आहे. त्यांत मासे धरून जगणारा ढिवर समाज या पाण्याला जितका ओळखतो तितके क्वचितच कोणी ओळखत असेल. आता अनेक तलावांच्या काठाने बेशरमाची झुडपे माजली आहेत. त्यांचीही फिकट जांभळी फुले दिसावयास वाईट नाहीत, पण त्यांनी पाण्याच्या वनस्पतींची जागा व्यापली. असो. सांगावयाचे ते हे, की कमळ हे येथे ग्रंथातले प्रतीक होण्यापूर्वी पाण्यातली प्रत्यक्ष वनस्पती आहे. तिचे कंद चिखलात रुजतात आणि ते खाताही येतात.

कमळाचे प्रतीक आपल्या व्याख्यानांतून फार झिजले आहे. "चिखलात जन्मूनही निर्मळ" हे वाक्य जयंतीच्या प्रत्येक व्यासपीठावर ऐकू येते, आणि त्याचा जो अर्थ लावला जातो तो मला घातक वाटतो. चिखल म्हणजे आपली वस्ती, आपली जात, आपल्या आईबापांची गरिबी. आणि कमळ म्हणजे शिकून त्यातून वर आलेला एखादा. हा अर्थ स्वीकारला तर ज्यांनी आपल्याला वाढविले त्यांना आपण नकळत चिखल म्हणतो, आणि ज्यांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवले त्यांचीच भाषा बोलू लागतो. पाली वाङ्मयाला हा अर्थ मान्य नाही. धम्मपदातील पुप्फवग्गाच्या शेवटी रस्त्याकडेच्या केरात उगवलेल्या कमळाची उपमा आहे. तेथे केर कशाला म्हटले आहे ते नीट पाहावे. अज्ञानाने आंधळ्या झालेल्या सामान्य जनांना ते उद्देशून आहे, मग ते राजवाड्यातले का असेनात. आणि त्यांच्यात उठून दिसणारा आहे तो प्रज्ञावान श्रावक. कुळाचा तेथे संबंधच नाही. भन्ते नागसेन मिलिंद राजाला कमळाचे तीन गुण घ्यावयास सांगतात, तेही असेच आहेत : पाण्यात वाढूनही पाण्याने न लडबडणे, पाण्याच्या वर उभे राहणे, आणि मंद वाऱ्यानेही थरारणे. भिक्खूने क्षुद्रातल्या क्षुद्र दोषालाही असेच थरारून भ्यावे, असे तिसऱ्या गुणाचे विवरण आहे. हा तिसरा गुण आपल्या व्याख्यानांत कधी येत नाही. कमळ म्हणजे निर्विकार, अचल, असे आपण समजून चाललो आहोत. नागसेनाला दिसते ते थरथरणारे कमळ. अजिंठ्याच्या छतावरील वाकलेले देठ आणि वळलेल्या पाकळ्या पाहताना मला नेहमी या तिसऱ्या गुणाची आठवण होते.

पाण्याने न लडबडण्याच्या गुणाला आता विज्ञानानेही आधार दिला आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलोट यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले, की कमळाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असून त्यांवर मेणासारख्या द्रव्याचे स्फटिक असतात. पाण्याचा थेंब त्या टोकांवरच टेकतो, पानाला चिकटत नाही, आणि घरंगळताना धूळही सोबत नेतो. यासंबंधीचे त्यांचे प्रसिद्ध संशोधन १९९७ साली प्रकाशित झाले. पान स्वच्छ राहते ते त्याच्या पृष्ठभागाच्या घडणीमुळे. चिखलापासून लांब राहिल्यामुळे नव्हे. शील आणि समाधी यांनी घडविलेल्या चित्ताविषयी नागसेनाचे म्हणणे याहून फारसे वेगळे नाही.

फुलांच्या प्रतीकांत कमळाने इतकी जागा व्यापली आहे की आपल्या रानातल्या पळसाकडे कोणाचे लक्ष जात नाही. फाल्गुनात नवेगाव, नागझिऱ्याकडच्या रस्त्याने गेले असता पर्णहीन फांद्यांवर पेटलेला पळस कोणालाही थांबवितो. पालीत त्याचे नाव किंसुक, आणि त्याच्यावर एक जातककथा आहे. काशीच्या राजाच्या चार पुत्रांना सारथ्याने किंसुकाचे झाड दाखविले. परंतु चौघांना चार निरनिराळ्या वेळी. एकाने ते निष्पर्ण पाहिले, त्याला ते जळक्या खुंटासारखे वाटले. दुसऱ्याने हिरव्या पानांनी भरलेले पाहिले, त्याला वडासारखे. तिसऱ्याने फुललेले पाहिले, त्याला मांसाच्या गोळ्यासारखे. चौथ्याने फळांवर आलेले पाहिले, त्याला शिरीषासारखे. चौघे भांडू लागले. राजाने सांगितले, की झाड सर्वांनी पाहिले, पण कोणत्या काळी कसे दिसते हे सारथ्याला कोणीच विचारले नाही. संयुत्तनिकायातही किंसुकाचाच दृष्टांत देणारे सूत्र आहे. तेथे निरनिराळ्या मार्गांनी अर्हत्पदाला पोहोचलेल्या भिक्खूंची उत्तरे निरनिराळी का, याचा उलगडा केला आहे.

चित्रकलेच्या दृष्टीने ही कथा विलक्षण आहे, कारण फुलाचे प्रत्येक चित्र म्हणजे त्या चार राजपुत्रांपैकी एकाचे उत्तर असते. चित्रकार एका वेळेचे झाड पाहतो आणि तेवढेच काढतो. ते खोटे नसते, पण पूर्णही नसते. पाहणाऱ्याला हे ठाऊक असेल तर चित्र त्याला फसवीत नाही. पळसाला तिसऱ्या राजपुत्राने मांसाचा गोळा म्हटले हेही लक्षात घेण्याजोगे. फुलाला सुंदरच म्हटले पाहिजे अशी सक्ती पाली कथाकाराला वाटली नाही. सौंदर्य वस्तूत असते की पाहणाऱ्याच्या वेळेत आणि चित्तात, असा प्रश्न त्याने हसत हसत मांडला आहे.

युरोपात फुलांच्या चित्रणाने वेगळीच वाट धरली. सतराव्या शतकातील नेदरलँड्समध्ये फुलांचे स्थिरचित्र ही स्वतंत्र चित्रशाखा म्हणून भरास आली. थोरला यान ब्रूगेल, अँब्रोसियस बोस्खार्ट आणि पुढे राखेल रौश ही त्यातली मोठी नावे. राखेल रौश ही स्त्री १६६४ ते १७५० असे दीर्घायुष्य जगली आणि आपल्या हयातीतच कीर्तिमान झाली, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. या चित्रांत फुलदाणीत फुलांचा भरगच्च गुच्छ असतो, आणि त्यात वसंतातला ट्युलिप व उन्हाळ्यातला गुलाब शेजारी शेजारी उमललेले असतात. प्रत्यक्षात असा गुच्छ त्या काळी कोणाच्याही टेबलावर असू शकत नव्हता. चित्रकार निरनिराळ्या ऋतूंत फुलांचे अभ्यास करून ठेवीत आणि मग ते एकत्र गुंफीत. जातकातील चारही राजपुत्रांची उत्तरे एकाच फलकावर मांडण्याचा जणू हा प्रयत्न होता.

या गुच्छांत बारकाईने पाहिले तर टेबलावर गळून पडलेली एखादी पाकळी, किडीने खाल्लेले पान, एखादी गोगलगाय किंवा माशी आढळते. काही चित्रांत फुलांशेजारी कवटी किंवा वाळूचे घड्याळ असते. ऐहिक वैभव व्यर्थ आहे असे त्यातून सुचवावयाचे होते. बायबलातील उपदेशाचा तो पडसाद होय. याच देशात ट्युलिपच्या कंदांचा सट्टा इतका माजला की १६३७ च्या फेब्रुवारीत भाव एकाएकी कोसळले. फूल क्षणभंगुर आहे हे सांगणारे चित्र आणि फुलावर लागलेला सट्टा एकाच व्यापारी समाजात एकाच काळी नांदत होते. वरवर पाहता ही चित्रे आपल्या पुष्पपूजेच्या गाथेचीच रंगीत आवृत्ती वाटतात. पण त्यांतला भेद मूलगामी आहे. ख्रिस्ती चित्रकाराच्या मनात कोमेजणाऱ्या फुलापलीकडे न कोमेजणारे असे काही आहे. शाश्वत परमेश्वर आणि शाश्वत आत्मा यांच्या तुलनेत फूल व्यर्थ ठरते. बौद्ध दृष्टीत फुलापलीकडे असे काही शाश्वत उभे केलेले नाही. म्हणून फुलाला व्यर्थ म्हणण्याचे कारणही उरत नाही. बीज, पाणी, माती, ऊन या हेतुप्रत्ययांनी ते झाले, ते प्रत्यय सरले की ते जाईल. त्याचा तिरस्कार करावयाचा नाही आणि त्याला धरूनही ठेवावयाचे नाही. अजिंठ्याच्या फुलांत कवटी नाही, याचे कारण मला येथे दिसते.

जपानात बुद्धमूर्तीपुढे फुले अर्पण करण्याच्या रीतीतून पुष्परचनेची एक स्वतंत्र कलाच जन्मास आली. क्योतो येथील रोक्काकुदो विहाराच्या भिक्खूंची इकेनोबो परंपरा त्यांत सर्वांत जुनी मानतात. तिच्यात उमललेल्या फुलाइतकेच महत्त्व कळीला, वाकड्या फांदीला आणि सुकलेल्या पानालाही असते. विषयांतर टाळण्यासाठी येथे एवढेच पुरे.

अजिंठ्याची चित्रे तरी न कोमेजणारी आहेत काय? १८१९ साली ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीस ती पडल्यापासून त्यांच्या नकला करण्याचे प्रयत्न चालू झाले. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली बहुतांशी जळाल्या. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही पुष्कळशा लंडनमधील आगीत १८८५ साली नष्ट झाल्या. ग्रिफिथ्सच्या ग्रंथाचे दोन खंड शतकाच्या अखेरीस निघाले. त्यात छतांवरील फुलावेलींच्या अलंकरणाला मोठे स्थान आहे, आणि त्याद्वारे ती फुले कलाशाळांच्या संकल्पचित्रांत पोहोचली. मूळ चित्रांचे पापुद्रे दमट हवा, कीटक, वटवाघळे आणि एकेकाळी संरक्षणासाठीच चढविलेले वार्निश यांनी उडत गेले. भिंतीवरच्या फुलाचे आयुष्य दीड हजार वर्षे असेल, मूर्तीपुढच्या फुलाचे एक दिवस. दोन्ही एकाच नियमाच्या कक्षेत येतात. प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर होय.

मग प्लॅस्टिकच्या फुलांचे काय? अलीकडे अनेक विहारांत मूर्तीपुढे प्लॅस्टिकची कमळे व कापडी माळा कायमच्या बसविलेल्या दिसतात. सोय हे कारण समजण्यासारखे आहे. उन्हाळ्यात खेड्यात रोज फूल कोठून आणावे? परंतु रंगविलेल्या फुलाने "मी चित्र आहे" हे लपविलेले नसते. प्लॅस्टिकचे फूल खऱ्या फुलाची जागा घेते आणि त्याचे कोमेजणे तेवढे वगळते. त्याच्यापुढे उभे राहून पुष्पपूजेची गाथा म्हणणे म्हणजे समोर नसलेल्या गोष्टीची साक्ष काढणे आहे. फूल मिळाले नाही तर झाडाचे एक पान ठेवावे, किंवा काहीच ठेवू नये. महापरिनिब्बानसुत्तात शालवृक्षांची अकाली फुललेली फुले तथागतांच्या देहावर पडत होती, तेव्हा ते आनंदाला म्हणाले, की याने तथागताची खरी पूजा होत नाही. जो धम्मानुसार आचरण करतो तोच खरी पूजा करतो. चिकित्सक तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर इतक्या स्पष्टपणे आधीच दिलेले आहे. फूल ही पूजेची अट नाही. ते अनित्यतेचे निरीक्षण करण्याचे साधन आहे, आणि साधन वापरावयाचे तर ते खरे असले पाहिजे.

फुलांविषयीच्या या सर्व विवेचनात एक माणूस नेहमी राहून जातो. थेरगाथेत सुनीत थेरांच्या गाथा आहेत. प्रव्रज्येपूर्वीचे आपले जीवन सांगताना ते म्हणतात, की मी हीन समजल्या गेलेल्या कुळात जन्मलो, दरिद्री होतो, आणि कोमेजलेली फुले उचलून टाकणे हे माझे काम होते. पालीत या कामाला पुप्फछड्डक असा शब्दच आहे. फुले वाहणारे वेगळे आणि ती सुकल्यावर उचलणारे वेगळे, अशी ती समाजरचना होती. राजगृहाच्या वाटेवर भिक्खुसंघासह येणाऱ्या तथागतांना पाहून सुनीताने खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि प्रव्रज्या मागितली. "ये भिक्खू" हीच त्यांची उपसंपदा झाली. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नीच व दलित मानल्या गेलेल्यांच्या धम्मदीक्षेच्या भागात उपाली न्हाव्याबरोबर सुनीत भंग्यालाही आवर्जून स्थान दिले आहे. ताज्या फुलाचे सौंदर्य सर्वांना दिसते. शिळ्या फुलाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे ज्याने वाहिला त्यालाच ठाऊक. डच चित्रकाराने टेबलावर गळलेली पाकळी मोठ्या कौशल्याने रंगविली. ती पाकळी दुसऱ्या दिवशी झाडून काढणारी मोलकरीण चित्राच्या चौकटीत आली नाही. अनित्यतेचा विचार सुनीतापर्यंत पोहोचत नसेल तर तो केवळ सुखवस्तू माणसाची हळहळ ठरतो.

म्हणून विहारातील फुलांची व्यवस्था पाहताना, कालची फुले कोण उचलतो, याकडेही लक्ष असावे. ते काम एकाच उपासिकेवर किंवा एकाच घरावर पडू नये. पाळीपाळीने सर्वांनी करावे, कार्यकारिणीच्या अध्यक्षांनीही. ती फुले तलावात न टाकता बोधिवृक्षाच्या किंवा अंगणातल्या झाडाच्या आळ्यात घालावीत. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुले दरवर्षी कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसतात, आणि स्थिरचित्राच्या सरावासाठी त्यांच्यापुढे तांब्या, फळे व कागदी फुले मांडली जातात. एखाद्या चित्रकला शिक्षकाने रविवारच्या वंदनेनंतर त्यांना विहारात बसवून मूर्तीपुढची कालची फुले, ती उचलावयाची टोपली आणि शेजारी टेकलेला खराटा, एवढेच रंगवावयास सांगावे. फुले कोमेजलेली असल्याने मुलांना रंग जपून मिसळावे लागतील. सुकलेल्या पाकळीच्या कडेला येणारा तपकिरी रंग तांबड्या गेरूत किंचित काजळी मिसळून साधतो.